भिवंडीतून विद्यापीठाकडे पाहताना

मुंबई विद्यापीठातल्या स्त्रियांचा गौरव करायचा म्हटलं की तिथल्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजींचं नाव हमखास निघतं. निघावंच. पण १८८३ साली पदवीची दारं उघडली म्हणून सगळ्याच मुली आत पोहोचल्या नाहीत. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या भिवंडीच्या मुलीला मुंबई गाठायची तर आधी घरची परवानगी, मग रोजचं गाडीभाडं. म्हणून गावातलं जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय मला त्या पहिल्या पदवीइतकंच मोलाचं वाटतं. वेगळं महाविद्यालय म्हणजे नवं कुंपणच, असं कोणी म्हणेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठालाही टीका चुकली नव्हती. कायद्याने मान्यता मिळायला १९५१ उजाडलं. तोवर तिथल्या मुली शिकतच होत्या.