पाय टेकले पाहिजेत

गाडी घ्यायची ठरली की प्रत्येक नातेवाईक अचानक ऑटोमोबाइल इंजिनिअर होतो. मामा विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ काका म्हणतात, रिसेल बघ. चुलतभावाचं मत, घ्यायचीच तर बुलेट घे, स्कूटर काय, भाजी आणायला असते. शेजारच्या काकूंना फक्त रंगात रस. महिनाभर सल्ले ऐकले, पण ‘तुझे पाय पुरतात का?’ हे एकानेही विचारलं नाही.

माझी उंची चार फूट अकरा इंच. त्यामुळे माझ्यासाठी पहिला प्रश्न हाच होता. अ‍ॅक्टिव्हाची सीट जमिनीपासून साधारण 765 मिलिमीटरवर असते, स्प्लेंडरची 785 आणि क्लासिक 350ची 805. कागदावर हा फरक जेमतेम दोन बोटांचा. पण सिग्नलला उभं राहिल्यावर पूर्ण पाऊल टेकतं की नुसता चवडा, हे ती दोन बोटं ठरवतात. त्यातही आकड्यावर पूर्ण विसंबता येत नाही. सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढा पाय आखूड होतो. म्हणून रोज घालतो ते बूट किंवा चप्पल घालून गाडीवर बसून बघावं आणि स्टँड काढून दोन पावलं मागे ढकलून बघावं. अ‍ॅक्टिव्हाचं वजन 105 किलोच्या आसपास, क्लासिकचं 195. गाडी पार्किंगमधून उलटी बाहेर काढताना हा फरक सांगायला कुणी लागत नाही.

नवशिक्याला भीती वाटते ती वेगाची. ती रास्तच आहे. पण शिकताना गाडी आडवी होते ती बहुतेकदा जवळजवळ थांबलेली असताना. चालत्या गाडीला तिचा तोल सांभाळायला तिचीच बरीच मदत असते. थांबताना ती सगळा भार तुमच्या एका पायावर टाकते. कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना पुढची बस अचानक थांबली, की अ‍ॅव्हरेज आणि रिसेल यांचा काही उपयोग नसतो. पाय टेकला पाहिजे, बस्स.

मला गाडी हवी होती, कारण माझी शिफ्ट रात्री साडेनऊला सुटते. वर्षभर मी एका सहकाऱ्याच्या मागे बसून घरी येत होते. माणूस चांगला. पेट्रोलचे पैसे कधी घेतले नाहीत. पण लिफ्टचे पैसे नसले तरी किंमत असते. तो निघेल तेव्हा निघायचं. त्याला टपरीवर चहा घ्यायचा असेल तर आपणही घ्यायचा. तो रजेवर असेल त्या दिवशी दुपारपासूनच रात्रीचा हिशोब सुरू. ‘वाटेतच तर आहे,’ असं तो म्हणायचा. पण वाट त्याची होती.

नवीन घ्यावी म्हणून एका शोरूममध्ये गेले. जाहिरातीतली किंमत एक्स-शोरूम असते. तिच्यात रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा असं चढत चढत ‘ऑन-रोड’ तयार होते. मी प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागितली. ‘हँडलिंग’ म्हणजे काय, याला उत्तर मिळालं नाही. विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते, हे मी म्हटल्यावर समोरच्याचं हसू जरा आवरलं. हेल्मेटचे पैसेही वेगळे लावले होते. नव्या दुचाकीबरोबर आयएसआय हेल्मेट द्यावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे.

शेवटी मी जुनी घेतली, पाच वर्षं वापरलेली स्कूटर. एक तर हप्ता नको होता. दुसरं म्हणजे, शिकताना गाडी एकदा तरी आडवी होणार आणि कोऱ्या गाडीवरचा पहिला ओरखडा माणसाला नको इतका घाबरवतो. माझ्या गाडीवर ओरखडे आधीच होते. मेकॅनिकला सोबत नेलं. चासी नंबर आरसीशी जुळवला, बँकेचा बोजा उतरल्याची एनओसी बघितली, फॉर्म 29 आणि 30वर सह्या घेतल्या.

आणि मग घरात खरा वाद झाला. मामा म्हणाला, ‘बाबांच्या नावावर कर. उद्या लग्न झालं की पत्ता बदला, हे बदला.’ बाबा गप्प होते. आई पोळ्या लाटत होती, तिथूनच म्हणाली, ‘तिच्याच नावावर होईल.’

आईच्या या वाक्यामागे एक कायनेटिक होंडा आहे. 1984च्या सुमारास ती आली तेव्हा तिला गिअर नव्हते आणि किक मारायची गरज नव्हती, बटण दाबलं की सुरू. साडी नेसून चेतकला किक मारणं ज्यांना अवघड जायचं, त्यांना ही गाडी आपली वाटली. आई लग्नाआधी ती चालवायला शिकली. लग्नानंतर आमच्याकडे जी गाडी आली, तिला सगळे ‘घरची गाडी’ म्हणायचे. पण किल्ली बाबांच्या खिशात असायची. कुणी मनाई केली नव्हती. आईला कुठे जायचं असेल तर बाबा सोडायचे, तेही हौसेने. हळूहळू तिचा हात मोडला आणि लायसन्सची मुदतही संपून गेली.

आरसी आली तेव्हा आईने ते कार्ड चष्मा लावून वाचलं. नंतर खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीवर बसली. तिची उंची माझ्याएवढीच. दोन्ही पावलं पूर्ण टेकली.

मागच्या आठवड्यात तिचं लर्निंग लायसन्स आलं. चाळिशी ओलांडलेली असल्याने डॉक्टरांचं प्रमाणपत्रही जोडावं लागलं. पक्क्या लायसन्सची परीक्षा 30 दिवसांनंतर. तोवर गाडीवर लाल ‘एल’ लावायचा, आणि मागे बसायचं तर पक्कं लायसन्स असलेल्या, शिकवणाऱ्या माणसानेच. घरात तशी मी आहे आणि बाबा आहेत. बाबांनी दोनदा विचारून पाहिलं. आईने मला निवडलं.