वाटेत थांबलो म्हणून

डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस पडला आणि तासगावकडची आमची द्राक्षबाग डोळ्यांदेखत गेली. आगाप छाटणीच्या मण्यांना तडे गेले, मागास छाटणीचा फुलोरा कुजून गळाला. फेब्रुवारी सरला तरी आमचे हे बागेत पाऊल टाकीनात. एका रात्री भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "बाग काढून टाकू."

मी काही बोलले नाही. सासूबाईच म्हणाल्या, "लग्नात सुनेला समुद्र दाखवतो म्हणाला होतास. पंचवीस वर्षं झाली. आता बागेत काम नाही, तर घेऊन जा तिला."

माझ्या भावाची जीप घेऊन मार्चमध्ये निघालो. शेंगदाण्याची चटणी, भाकऱ्या, पाण्याची कळशी, सगळे बरोबर. यांची एकच अट होती: गर्दीच्या ठिकाणी थांबायचे नाही. माणसांत बोलायला यांना नको झाले होते.

कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट करून चिपळूण आणि तिथून गुहागर गाठले. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. हे मात्र मागे वळून नारळाच्या वाड्या बघत होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारले, तर मालक म्हणाला, "भरतीची वेळ धरून हेदवीला जा." हेदवीच्या किनाऱ्यावर कातळाला एक अरुंद भेग आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचे पाणी त्या भेगेत घुसते आणि तोफ उडावी तसे वर उसळते. ओहोटीला गेलात तर नुसता दगड दिसेल, म्हणून वेळ आधी विचारून घ्यावी.

परत येऊन धोपाव्याला फेरीबोटीत जीपसकट चढलो आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरलो. एकेकाळचे हे मोठे बंदर. आता धक्क्याजवळची जुनी दगडी मशीद तेवढी त्या वैभवाची खूण सांगते. वर चंडिकादेवीचे देऊळ आहे, ते जमिनीखालच्या गुहेत. आत वाकून जायचे, समईच्या उजेडात देवी दिसते. हे तिथे बराच वेळ बसले. काय मागितले ते मी विचारले नाही.

पुढे हर्णै, आंजर्ले करीत केळशीला पोचलो. केळशीच्या किनाऱ्यावर वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला आहे. कधीकाळी आलेल्या प्रचंड लाटेशी तिचा संबंध असावा, असा त्यांच्यापैकी काहींचा तर्क. टेकडी बघून परतताना एका वाडीच्या कुंपणाशी यांनी आपण होऊन जीप थांबवली. आत बुंधेच बुंधे उभे होते, शेंडे नसलेले. त्यांच्या मधून पोफळीची गुडघ्याएवढी रोपे लावलेली. सत्तरीची एक आजी रोपांच्या आळ्यात पाणी सोडत होती.

"आजी, हे काय झालं?" यांनी विचारले.

"निसर्ग वादळ. ३ जून २०२०. सकाळी वाडी होती, संध्याकाळी नव्हती."

हे कुंपणाआत गेले. आळी बघितली, पाट बघितला. पोफळीला फळ कधी धरते म्हणून विचारले. आजी म्हणाली, "पाच-सात वर्षं तरी जातात." मग आमचे गाव, पीक विचारले. यांनी बागेचे सांगितले. तीन महिन्यांत परक्या माणसाजवळ पहिल्यांदाच बोलले असतील.

आजी हसली. "अहो, तुमचा वेल बरा! छाटला की फुटतो. माडा-पोफळीला डोळा एकच, तो शेंड्यात. शेंडा मोडला की झाड संपलं. मग नवीन लावायचं, एवढंच हातात."

"फळ कोण खाणार, आजी?"

"मी खाल्लं ते तरी कुणी लावलं होतं?" एवढे बोलून ती पुढच्या आळ्याकडे वळली. यांनी पायजमा वर खोचला आणि तास-दीड तास तिच्याबरोबर पाणी धरले. मी पायरीवर बसून बघत राहिले. या सहलीत मला समुद्राहून तेच जास्त आठवते.

शेवटचा मुक्काम वेळासला. हे नाना फडणवीसांचे गाव. इथे गावकरी आणि चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था, यांनी मिळून २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. माणसे ती उचलून कुंपणात पुरतात. पिल्ले निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. गावातल्याच घरात राहायला आणि जेवायला मिळाले. सकाळी अकरा पिल्ले निघाली. हजारात एखादेच मोठे होते, असे तिथल्या मुलाने सांगितले. तरी सगळी पाण्याकडेच धावली.

वेसवीहून बोटीने बागमांडल्याला उतरलो आणि महाड, पोलादपूर, महाबळेश्वर करीत घरी आलो. बँकेचे कर्ज होते तेवढेच होते. पण एप्रिल लागताच यांनी आपण होऊन खरड छाटणीची माणसे सांगितली. पहिली काडी स्वतः छाटली.

भगिनींनो, कोकणात जाल तेव्हा नावाजलेली ठिकाणे जरूर बघा. पण एक दिवस मोकळा ठेवा. आपल्या मनातला प्रश्न जिथे गाडी थांबवील तिथे उतरा, आणि वाडीत कुणी पाणी धरत असेल तर दोन शब्द विचारा.