चूल विझल्याशिवाय

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोगीर खाली आलं. एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेलं, आतलं गवत बाहेर आलेलं. बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातलं हे धनगराचं घर. आता पक्कं, चार खोल्यांचं, दारात पिकअप उभी. नऊ वर्षांच्या नातीनं खोगीर ओसरीवर ओढलं, त्यावर टांग टाकून बसली आणि विचारलं, "आजे, आपल्याकडं घोडं व्हतं?"

"घोडी व्हती," आजी म्हणाली.

"मग कुठं गेली?"

आबा पानाचा चंची-बटवा तिथंच टाकून उठले आणि बाहेर गेले.

घरात घोडीचा विषय निघाला की आबा बाहेर जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. का जातात, हे फक्त आजीला माहीत. आणि आजीचं काय ते आबांनाही पुरतं माहीत नव्हतं. ते या दिवाळीत बाहेर आलं.

घोडी खरं तर आजीचीच. दिवाळी सरली की इकडचे वाडे कोकणाची वाट धरायचे, अजूनही कित्येक धरतात. वाडा म्हणजे इथे दगडामातीचा नव्हे, चार-सहा कुटुंबांचा चालता संसार. भात निघाल्यावर मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्री बकरी बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, आणि मृगाच्या आधी घाट चढून परत देशावर यायचं. यात कामाची वाटणी पक्की. बाप्ये बकऱ्यांमागे, बायका घोड्यांबरोबर. तळ मोडणं, बोजा लादणं, पुढच्या मुक्कामाला आधी पोचून चूल पेटवणं, सगळं बायकांकडे. धनगरांवर लिहिणारे लोक बकऱ्या मोजतात, देव मोजतात, ओव्या उतरवून घेतात. घोडं मात्र त्यांच्या लेखी सामानात जमा. ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या, त्यांची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या सरकारी संस्थेत नोंद झाली तीसुद्धा अगदी अलीकडे. तोवर त्यांचा वंश या बायकांनीच सांभाळला. पाठीवर पिठाचा डबा, कोंबड्या आणि तान्ही पोरं लादून.

ही घोडी जन्मली ती वाटेवरच, जेजुरीच्या अलीकडल्या मुक्कामाला. घोड्याचं पिल्लू तासा-दोन तासांत पायावर उभं राहतं, त्यामुळे वाड्याला काही थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शिंगरू आईच्या सावलीत चालत होतं. सासूनं नाव ठेवलं बानू. जेजुरीला म्हाळसा वर गडावर खंडोबाशेजारी, आणि बानूचं देऊळ अर्ध्या डोंगरावर. पण त्या बानूसाठी देव मेंढका होऊन राबला, ही गोष्ट धनगराच्या घरात जरा छाती काढूनच सांगतात. आजी त्या साली नवी नवरी. सासूनं शिंगराचं दावं तिच्या हातात दिलं. "तूबी नवी, तीबी नवी. बघा कोण कुणाला वळवतंय."

वळवायला दोन वर्षं गेली. आधी पाठीवर नुसतं घोंगडं. बानू ते झटकून टाकायची, आजी परत घालायची, दिवसातून वीसदा. मग रिकामी पोती, मग दोन्ही बाजूंना सारख्या मापानं वाळू. माप चुकलं तर खोगीर सरकतं, पाठ लागते, आणि एकदा पाठ लागलेलं घोडं माणसावर पुन्हा सहजी विश्वास टाकत नाही. पोत्यांची सवय झाली तर भांड्यांच्या आवाजानं उधळायची. तेव्हा आजीनं दोन चेपलेले जर्मनचे टोप तिच्या गळ्यात बांधले आणि चरायला सोडून दिली. दोन दिवस ती स्वतःच्याच आवाजाला भिऊन पळत सुटायची. तिसऱ्या दिवशी टोप वाजत होते आणि बानू चरत होती. कोंबड्यांनी सगळ्यात जास्त छळलं. घोड्याला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही, आणि कोंबडी फडफडते ती नेमकी तिथंच.

हे सगळं जमलं. एक खोड मात्र काही केल्या गेली नाही.

चूल विझल्याशिवाय बानू तळ सोडायची नाही. शिंगरू असताना एका पहाटे तिचा पुढचा पाय निखाऱ्यांच्या राखेत पडला होता. तेव्हापासून असेल. बोजा लादून झाला, बाकीची घोडी रस्त्याला लागली, तरी ही आपली चुलीच्या तीन दगडांकडे तोंड करून उभी. ओढा, चुचकारा, मागून रेटा, चारही पाय रोवलेले. आजीनं तांब्याभर पाणी ओतलं, चर्र आवाज झाला, वाफ वर आली, की बानू फुर्रकन नाक साफ करायची आणि कुणी न सांगता चालू लागायची. नुसती राख पांगवून चालत नसे. माती लोटून चालत नसे. पाणीच हवं आणि चर्र आवाज यायला हवा. वाड्यातल्या बायका हसायच्या, "हिची घोडी लई सोवळ्याची." पाण्याची टंचाई असलेल्या मुक्कामाला आजी रात्रीच एक तांब्या बाजूला झाकून ठेवायची. पोरांना प्यायला नाही दिला तरी चालेल, पण घोडीचा तांब्या वेगळा! यावरून सासू-सुनेची भांडणं झाली. आजी कुणाला ऐकणारी नव्हती. आजही नाही.

मग वरंध घाटातली ती रात्र. या गोष्टीला आता ३५ वर्षं झाली. वाडा महाडकडून परत भोरच्या बाजूला निघालेला. जूनचा पहिला आठवडा, वाघजाईच्या देवळाखाली एका सपाटीवर तळ. संध्याकाळी चूल पेटली आणि वळवाचं आभाळ फुटलं. पाल उडालं. रात्र खाली काढण्यापेक्षा चढून वर जाऊ, असं ठरलं. आबा बकरी दुसऱ्यांच्या हवाली करून मदतीला आले होते. घाईघाईत बोजे लादले. सहा महिन्यांचा मुलगा नेहमीसारखा घोंगड्यात गुंडाळून बानूच्या पाठीवर, भांड्यांच्या मधल्या खळग्यात बांधलेला. बानू चुलीकडे तोंड करून उभी राहिली. आजी तांब्या शोधायला लागली. आबा ओरडले, "अगं, वरनं पाणीच पडतंय, पाऊस इझवील की! चल!" आणि त्यांनी दावं ओढलं. त्या दिवशी बानू कशी कोण जाणे, निघाली.

दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला. दिवे, हॉर्न, ओला डांबरी रस्ता. दावं आजीच्या तळहातातून सालटं काढत निसटलं आणि घोडी बोज्यासकट, पोरासकट अंधारात खाली उधळली.

काही वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. भांडी वाजत होती तोवर धीर होता, असं आजी सांगते. आवाज थांबल्यावर मात्र पाय लटपटले. आबा रस्त्यानं पळाले, आजी पायवाटेनं, करवंदीच्या जाळ्यांतून. बॅटरीचे सेल भिजून बंद पडले. दरीकडच्या प्रत्येक दगडापाशी थांबून आजी कान देत होती. रडणं ऐकू यावं म्हणून, आणि ऐकू येऊ नये म्हणूनही. त्या रात्री बिरोबाला, खंडोबाला, वाघजाईला काय काय कबूल केलं ते सगळं फेडून झालेलं नाही, असं ती म्हणते.

झुंजुमुंजू झाल्यावर दोघं वेगवेगळ्या वाटांनी त्याच सपाटीवर पोचली. बानू मोडलेल्या तळावर चुलीच्या दगडांपाशी उभी होती. बोजा डाव्या अंगाला कलला होता आणि ती उजवीकडे झुकून, पाय फाकवून. वर पोर. रडून रडून घसा बसलेलं, पण घोंगड्याच्या आत कोरडं.

आजीचं म्हणणं, चूल राहिली होती म्हणून ती परत आली. आबांचं म्हणणं, घोडं बुजलं की मागच्या ठिकाणाकडेच पळतं, त्यात काय. आजीनं आधी पोराला खाली घेतलं की आधी चुलीत पाणी ओतलं, यावर तर दोघांचं अजून एकमत नाही. एका गोष्टीवर मात्र आहे. आबांनी पोराला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं दाव्याचा पीळ घोडीच्या तोंडावर मारला, पुन्हा पुन्हा. तिनं मान वर केली, पण जागची हलली नाही. तिच्यावर हात पडला तो पहिल्यांदाच.

पुढच्या दिवाळीआधी आबांनी तिला विकली. पोराचा बाप होते, भ्याले होते. आज कुणी त्यांना दोष देणार नाही. पण त्यांनी आजीला विचारलं नाही, आणि गिऱ्हाईक पाहिलं ते वीटभट्टीवालं.

इथवरची गोष्ट घरातल्या मोठ्यांत अधूनमधून निघते. पुढची आजीनं या दिवाळीत, खोगिरावर बसलेल्या नातीला सांगितली. ओसरीच्या पायरीवर पिकअपची पानं-पक्कड पुसत तिचा मुलगा बसला होता, त्या रात्रीचं पोर. तोही ऐकत होता.

पंधरा दिवसांनी ते गिऱ्हाईक दारात आलं होतं. आबा घरी नव्हते. "घोडी जागची हलत न्हाय," तो म्हणाला. "भट्टीकडं तोंड करून उभी ऱ्हाती. मारलं तरी न्हाय. तुम्ही काय करत व्हता?" भट्टी एकदा लावली की दिवसचे दिवस जळते. आजीच्या ध्यानात सगळं आलं. एवढंच सांगायचं होतं, की तिच्यासमोर दोन निखारे काढा, तांब्याभर पाणी ओता. आजीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमच्याकडं तर गपगुमान चालायची. मला न्हाय ठावं."

"खोटं बोललीस?" नात म्हणाली.

"म्हनलं, कामाची न्हाय म्हनून परत आणून सोडंल."

त्यानं आणून सोडली नाही. किती दिवस मारलं कुणास ठाऊक, मग पुढं कुणाला तरी विकली, आणि माग तुटला. घोडं २५-३० वर्षं जगतं. आजी दर दिवाळीला बोटांवर मोजायची, आता बारा, आता सतरा, असंल कुठंतरी. नात जन्मली त्या वर्षी तीस झाली आणि मोजणं थांबलं. आबांचंही काही कमी नव्हतं. अकलूजला घोड्यांचा बाजार भरू लागला तेव्हापासून ते दर साली जायचे, घेणं ना देणं, दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून मुक्कामाला परत. "काय आणलं?" असं आजीनं कधी विचारलं नाही.

मुलानं पक्कड खाली ठेवली. "आये, मला हे कधी बोलली न्हाईस."

"तू कधी इचारलंस?"

त्यावर कुणी बोललं नाही. नात खोगिरातलं गवत उपसत होती. तेवढ्यात आबा आत आले. हातात दाभण आणि सुतळी. दारामागे उभं राहून किती ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. नातीला बाजूला करून त्यांनी खोगीर मांडीवर घेतलं, कुरतडलेली बाजू वर केली आणि परड्यातून आणलेलं वाळलं गवत मुठीमुठीनं आत कोंबायला लागले.

"एवढं भरू नगा," आजी म्हणाली. "पाठ लागंल तिची."

आबांनी एक मूठ परत काढली.