नावेची गंगाजळी

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, बीबी का मकबऱ्याच्या मागील डोंगरात कोरलेल्या लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वराचे एक भव्य शिल्प आहे. मध्यभागी ती शांत उभी मूर्ती आणि दोन्ही बाजूंस माणसाला ग्रासणारी आठ महाभये. अग्नी, सर्प, मत्त हत्ती यांच्याबरोबरच तेथे संकटात सापडलेली एक नाव आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही नाव बुडण्याचे भय या पठारावरच्या भाविकांना आपले वाटत होते.

याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. नाळेवर डोळा काढलेला, आत ओळीने मांडलेले रांजण. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा या चित्रात सांगितली आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणचा उल्लेख पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात येतो. भडोचपासून दक्षिणेकडे २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे १० दिवसांवर तेर, असा तो हिशेब आहे. येथील मौल्यवान खडे आणि तेरचे कापड गाड्यांतून आडवाटेने भडोचला जाई व तेथून जहाजात चढे. पैठणला मुनिसुव्रतनाथांचे अतिशय क्षेत्र आहे, भडोचच्या प्राचीन तीर्थाचे मूलनायकही तेच आणि ठाण्यालाही त्यांचे मंदिर आहे. श्रीपाल राजाची कथा ज्यांच्या घरी आयंबिलाच्या ओळीत ऐकली जाते, त्यांना धवल शेठची भडोचला अडलेली जहाजे आणि समुद्रात लोटला गेलेला श्रीपाल ठाण्याच्या किनारी लागल्याचा प्रसंग सांगावा लागत नाही. सागर हा व्यापारी घरांच्या स्मृतीत आहेच. हातांतून मात्र तो निसटला आहे.

आज पैठणच्या काठावर उभे राहिले की समोर नाथसागर पसरलेला दिसतो. १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या जायकवाडी धरणाचे हे पाणी. पलीकडचा काठ अनेकदा दिसत नाही, वारा सुटला की लाटा उठतात, आणि मराठवाड्यातील मुलाला प्रथमच जाणवते की पाणी केवळ पिण्याचे व शेतीचे नसते. ही जाणीव पुढे न्यायची तर वाट गोव्याकडे जाते.

गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटांची शिडाची नौका बांधली गेली आणि २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली व १९ मे २०१० रोजी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. परंतु या पराक्रमाआधीची उमेदवारी अधिक शिकवणारी आहे. नौदलातील अधिकारी असूनही दोंदे आधी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या जगप्रसिद्ध दर्यावर्दीच्या हाताखाली, त्यांची नौका शर्यतीसाठी सिद्ध करण्याच्या कामात राबले. नौका बांधली जात असताना ते कारखान्यात उभे राहिले. मग सोबत्यांसह मॉरिशसपर्यंत गेले आणि तेथून परत मात्र एकटे आले. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या सहा महिला अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली ‘तारिणी’ या त्याच घडणीच्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात प्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये तर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तो पल्ला गाठला.

जुन्या पेढ्यांमध्ये मुलाला गादीवर बसवण्याआधी दुसऱ्याच्या पेढीवर उमेदवारीला धाडत. नौकेवर राहून शिकण्याचे वर्ग याच जातीचे आहेत. ब्रिटनमधील १८७५ साली स्थापन झालेल्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची शिक्षणपद्धती त्यात सर्वदूर मान्य आहे. पहिली पायरी ‘कॉम्पिटंट क्रू’, म्हणजे कुशल खलाशी. ती पाच दिवसांची असून तिला पूर्वानुभव लागत नाही. पुढची ‘डे स्किपर’, म्हणजे दिवसा, ओळखीच्या पाण्यात नौका सांभाळणारा तांडेल. तिच्यासाठी किमान पाच दिवस नौकेवर काढलेले, १०० सागरी मैल व रात्रीचे चार तास गाठीशी असावे लागतात. ब्रिटन, ग्रीस, क्रोएशिया, थायलंड येथे असे वर्ग भरतात.

दहा-बारा मीटर लांबीच्या नौकेत एक शिक्षक आणि चार-पाच विद्यार्थी. तेथेच झोपणे, तेथेच स्वयंपाक. चूल झोके घेणारी, म्हणजे नौका कलली तरी भांडे सरळ राहावे. शौचालय हातपंपाने स्वच्छ करावे लागते आणि ती पाळी शेठजींच्या मुलालाही चुकत नाही. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच. पाणी तुपासारखे वापरावे, हे आजीचे वाक्य येथे पहिल्याच दिवशी नियम होऊन भेटते.

शिकणाऱ्याला प्रथम कळते की वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे नागमोडी वळत पुढे सरकावे लागते. दुसरा धडा शीड आखूड करण्याचा. वारा वाढेल अशी शंका आली की त्याच क्षणी शीड कमी करायचे, कारण वारा वाढल्यावर तेच काम दुप्पट कठीण होते. तिसरा धडा नोंदवहीचा. दर तासाला स्थान, दिशा, वारा व हवेचा दाब लिहायचा. यंत्रे बंद पडली तर हा रोजमेळच घरी आणतो. चौथा भरती-ओहोटीचा. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी सुमारे ५ मीटरपर्यंत बदलते आणि नौकेचा तळ दोनेक मीटर खोल असतो. गणित चुकले तर खाडीच्या चिखलात पुढच्या भरतीची वाट पाहत बसावे लागते.

सर्वांत मोठी गोष्ट मात्र डोळ्यांना दिसतच नाही. नौकेच्या तळाशी शिसे वा लोखंड भरलेला जड पंखा असतो, त्याला कील म्हणतात. त्यामुळे नौका थोडी मंदावते, उथळ पाण्यात जाऊ शकत नाही, बांधणीचा खर्च वाढतो. नवशिक्याला ते अनावश्यक ओझे वाटते. पण जोराच्या झोतात नौका आडवी होऊ लागली की तेच ओझे तिला परत उभे करते. वर शिडे कितीही मोठी असोत, खाली वजन नसेल तर पहिल्याच वावटळीत खेळ संपतो. पेढीची गंगाजळीही अशीच असते. तेजीत ती पडून राहिलेली वाटते आणि मंदीत तीच घर तारते. वाढीच्या भरात ती मोडून शिडे वाढवणाऱ्या किती पेढ्या बुडाल्या, हे प्रत्येक बाजारपेठेला ठाऊक आहे.

अडचणी झाकून ठेवणे योग्य नाही. खर्च लहान नाही. नौकेवरचे स्वयंपाकघर एकच असते आणि सोबती शाकाहारी असतीलच असे नाही. रात्रीच्या प्रवासात पहारा आळीपाळीने असतो. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यावे लागते, आणि खवळलेल्या पाण्यात रिकाम्या पोटी मळमळ वाढते. हे सारे शिक्षकाशी आधीच स्पष्ट बोलावे. चार-पाच समविचारी जणांनी मिळून संपूर्ण नौकाच ठरवली तर शिधा, भांडी व वेळा आपल्या हाती राहतात. दिग्व्रत घेतलेल्याने मर्यादा आधी पाहावी, मग नकाशा उघडावा. आणि पोहणे शिकल्यावाचून पहिले पाऊलच टाकू नये.

आईवडिलांचे भय मात्र नकाशाने जात नाही. लेण्याच्या दाराशी कोरलेले ते भय खरे आहे. म्हणूनच या वर्गांत माणूस पाण्यात पडल्याचा सराव पुन्हा पुन्हा करवतात. एखादी तरंगती वस्तू पाण्यात टाकायची, एकाने नजर न हलवता तिच्याकडे बोट दाखवत राहायचे, दुसऱ्याने नौका वळवायची. दहाव्या वेळी हात थरथरत नाहीत. भडोचच्या मुखाशी राजसेवेतील स्थानिक कोळी परक्या जहाजांना सामोरे जाऊन वाट दाखवीत, असे पेरिप्लसकार लिहितो. घातक पाण्यातूनही व्यापार चालू राहिला तो अशा जाणत्या हातांमुळे.

पैठणला दर्शनास जाणाऱ्या कुटुंबाने परतताना घटकाभर नाथसागराच्या काठी थांबावे. मंदिरात मुलांनी मुनिसुव्रतनाथांचे लांछन पाहिलेले असेल. ते कासव आहे.