पेटीला न जमणारी मींड

मेंफिस शहरातून दक्षिणेकडे निघालं की हायवे 61 वर साधारण दीड तासात क्लार्क्सडेल लागतं. रस्ता सरळ, जमीन तव्यासारखी सपाट आणि ऑक्टोबरात गेलात तर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. वऱ्हाडातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धात इथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हाच आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मात्र इथे शेतात माणसं दिसत नाहीत, नुसती अवाढव्य यंत्रं फिरतात.

भाचा मेंफिसला असतो, म्हणून माझं जाणं झालं. इंदूरच्या आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. मिसिसिपीत मला बघायचा होता तो पेटीचाच धाकटा भाऊ, माउथ ऑर्गन. आपल्याकडे जत्रेत मिळणारा तोंडाने वाजवायचा बाजा! दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या पितळी पट्ट्याच असतात. ‘शोले’त अमिताभच्या ओठांवर तो असतो, हे लहान मुलंही सांगतील. (प्रत्यक्षात ते वाजवलं होतं भानू गुप्तांनी.) पण इथल्या लोकांनी त्यातून जे काढलं, ते ऐकून पेटीवाल्याला हेवाच वाटावा.

पेटीवर पूर्वीपासून आक्षेप आहे तो मींड येत नाही हा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला बंदी घातली होती, त्यामागे हेही एक कारण होतं. मग त्याच जातीच्या पट्ट्यांतून मींड निघते कशी?

क्लार्क्सडेलमध्ये जुन्या रेल्वे मालगोदामात डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. मडी वॉटर्स ज्या लाकडी खोपटात राहिला, ते तिथे आणून ठेवलंय. एवढ्याशा घरात राहून, दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने कापूस पिकवायचा आणि हिशेबाच्या वेळी मालकाच्याच वहीत कर्ज निघायचं. गिटार घ्यायला पैसे लागायचे. माउथ ऑर्गन मात्र स्वस्त होता आणि खिशात मावत होता. होनर या जर्मन कंपनीने 1896 साली ‘मरीन बँड’ नावाचा दहा भोकांचा बाजा काढला. त्याची स्वररचना जर्मन लोकगीतांसाठी होती. फुंकलं की मुख्य सूर, ओढलं की जोडीचे.

काळ्या वादकांनी हे उलटं केलं. ओढण्याचे सूर मुख्य धरले. आपल्या भाषेत सांगायचं तर बाजा पांढरी एकचा घ्यायचा आणि सा मानायचा पांढरी पाचला. मग दुसरं भोक ओढलं की सा, तिसरं शुद्ध गंधार, चौथं पंचम आणि पाचवं चक्क कोमल निषाद. ब्लूजला हवा तो उदास रंग निम्मा इथेच मिळतो. उरलेला निम्मा मींडेतून येतो.

तिथल्या एका वयस्कर वादकाने मला ती दाखवली. जीभ ‘ई’ म्हणताना असते तशी ठेवून श्वास ओढायचा, आणि ओढता ओढताच ती ‘ऊ’कडे मागे न्यायची. प्रत्येक भोकात दोन पट्ट्या असतात. तोंडातली पोकळी बदलली की वरच्या सुराची पट्टी खालच्या सुराकडे खेचली जाते. चौथ्या भोकावरचा पंचम खाली सरकून तीव्र मध्यम होतो, तिसऱ्यावरचा शुद्ध गंधार कोमल. मी जोर लावत होते. भाचा म्हणाला, “मावशी, अगं सूप पितेस तसं नको, जांभई देतेस तसं कर.” मला तरी हे वाक्य सर्वांत उपयोगी पडलं.

मिसिसिपी नदीचा पूल ओलांडला की आर्कान्सामधलं हेलेना. इथल्या केएफएफए रेडिओवर नोव्हेंबर 1941 मध्ये ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाला. वेळ दुपारी सव्वाबाराची, म्हणजे शेतमजुरांच्या जेवणाच्या सुट्टीची. पैसे पिठाच्या कंपनीचे आणि माउथ ऑर्गन सनी बॉय विल्यमसनचा. (हे नाव त्याने शिकागोतल्या दुसऱ्या प्रसिद्ध वादकाचं उचललं होतं!) तो इतका लाडका झाला की कंपनीने त्याचं चित्र छापून मक्याचं पीठ विकायला काढलं. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसायची बंदी होती, त्या काळातली ही गोष्ट. जेम्स कॉटन हा लहानपणी हाच कार्यक्रम ऐकून वेडा झाला आणि थेट सनी बॉयकडेच शिकायला गेला.

1944 साली क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून गाठी बांधण्यापर्यंत सारा कापूस यंत्राने निघाला. मजुरांची गरज संपत गेली आणि लाखो माणसं रेल्वेने उत्तरेला निघाली. बाजाही त्यांच्यासोबत शिकागोला पोचला. तिथल्या गोंगाटात तो ऐकू जाईना, म्हणून लिटल वॉल्टरने माइक आणि बाजा दोन्ही एकाच ओंजळीत धरून वाजवायला सुरुवात केली. 1952 सालचं त्याचं ‘ज्यूक’ ऐका. एकही शब्द नाही, तरी कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

सनी बॉय 1965 मध्ये गेला. टटवायलर गावाबाहेर त्याची कबर आहे. दगडावर लोकांनी ठेवलेले माउथ ऑर्गन गंजत पडलेले असतात. मी ठेवला नाही, माझ्याकडे एकच होता.

शिकायचं असेल तर आधी एकाच भोकातून स्वच्छ सूर काढा, मग चौथ्या भोकापासून मींड. फोनवर तानपुरा पांढरी पाचला लावा, रोज पंधरा मिनिटं पुरे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो, दरबारीतला आंदोलित गंधार ऐकलेल्यांना तो कानाने लवकर सापडेल. तोंडाने सापडायला वेळ लागतो. माझा तीव्र मध्यम तीन आठवड्यांत आला. तिसऱ्या भोकावरचा गंधार मात्र अजून कधी जागेवर थांबतो, कधी घसरत थेट ऋषभावर जाऊन बसतो.