पुन्हा एकदा, काका

छायाचित्रकाराच्या हातून घडलेली चूक धुऊन निघत नाही. उलट रोल धुतल्यानंतरच ती डोळ्यांपुढे उभी राहते. आम्हा उभयतांच्या व्यवसायातील अशी एक चूक अजून आमची पाठ सोडीत नाही.

१९९१ सालचा मे महिना. वसईतील एका वाडीत लग्नाचा मांडव पडला होता. चर्चला निघण्यापूर्वी वधू वडिलांपुढे गुडघे टेकून बसली. बागायतीत राबून रापलेला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि मग अंगठ्याने कपाळावर क्रुसाची खूण केली. त्यांचे ओठ थरथरले. आम्ही कळ दाबली. पण फ्लॅशची तार सैल झाली होती, तो पेटलाच नाही. अंगणात बँडवाले ताटकळत होते. आम्ही तार घट्ट बसवली आणि सहज म्हणालो, "काका, पुन्हा एकदा. आणि जरा इकडे बघा." त्या भल्या माणसाने मुकाट्याने पुन्हा हात ठेवला, पुन्हा क्रूस काढला आणि आमच्याकडे पाहिले. फ्लॅश लखकन पेटला.

महिन्याभराने मुलगी अल्बम न्यायला आली. त्या पानाशी ती थांबली. "हात बाबांचा आहे," ती हळूच म्हणाली, "पण बाबा नाहीत यात." आम्ही हसून वेळ मारून नेली. त्याच पावसाळ्यात तिचे वडील देवाघरी गेले. घरात त्यांचा दुसरा चांगला फोटो नव्हता. म्हणून स्मृतिपत्रिकेवर छापण्यासाठी त्याच फोटोतील चेहरा आम्हांला मोठा करून द्यावा लागला. काळोख्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात, रसायनाच्या तबकात तो चेहरा हळूहळू उमटू लागला. तो आमची आज्ञा पाळणाऱ्या माणसाचा चेहरा होता. लेकीला निरोप देणाऱ्या बापाचा नव्हता.

खरे सांगायचे तर या धंद्यात आम्ही कलेच्या ओढीने आलो नव्हतो. आमच्यापैकी एकाने स्टेशनजवळच्या स्टुडिओत उमेदवारी केली. दुसरी निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुत्या पुसायला शिकली. भांडवल म्हणजे एक जुना याशिका मॅट कॅमेरा. त्याच्या रोलवर फोटो बाराच. एक वाया गेला तर पदरचे पैसे जात. म्हणून 'हलू नका, हनुवटी खाली, श्वास रोखा' हा आमचा नित्याचा जप होता. नाताळानंतर राखेच्या बुधवारापर्यंत आणि पुढे ईस्टरनंतर लग्नसराई असे. उपवासकाळात लग्ने सहसा होत नसल्याने पासपोर्टच्या फोटोंवर घर चाले.

पुढल्याच उपवासकाळात लाल लुगडे नेसलेल्या एक आजी फोटो काढायला आल्या. पडद्यापुढे त्या लाकडासारख्या ताठ बसल्या. फोटो झाला. "झालं, आजी," असे म्हणताच त्यांनी अडवून धरलेला श्वास सोडला, पदर सारखा केला आणि "एवढ्यासाठी छळलंत होय?" असे म्हणून खुदकन हसल्या. रोलवर एक फोटो उरला होता. आम्ही कळ दाबली. याशिकात वरून, मान खाली घालून पाहावे लागते. त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा कॅमेऱ्याआड जात नाही आणि समोरच्या माणसाशी बोलणे चालू राहते. या सोयीचा अर्थ आम्हांला त्या दिवशी कळला. माणूस फोटोसाठी बसतो तेव्हा नसतो. फोटो संपला असे त्याला वाटते, तेव्हा तो परत येतो.

या पद्धतीला 'कॅन्डिड' म्हणतात, हे आम्हांला फार पुढे समजले. शब्दाचे मूळ लॅटिन 'कॅन्डिडुस', म्हणजे शुभ्र. १९२० च्या दशकाच्या अखेरीस एरिक सालोमोन नावाचा जर्मन गृहस्थ छोटा कॅमेरा घेऊन, फ्लॅश न लावता, राजकारण्यांच्या परिषदांत वावरे. लंडनच्या पत्रकारांनी त्याच्या कामाला हे विशेषण लावले. हा ज्यू छायाचित्रकार १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत मारला गेला. पुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९५२ च्या आपल्या ग्रंथात क्षण नेमका टिपण्याचे मर्म मांडले. त्यालाही फ्लॅश हा असभ्यपणा वाटे.

परंतु नकळत टिपणे आणि चोरून टिपणे यांत फरक आहे. विवाहसंस्कार वधूवर एकमेकांना देतात आणि धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने साक्षी असतो, असे आपल्याला शिकवले जाते. मग छायाचित्रकारानेही साक्षीदारासारखेच उभे राहायला नको का? साक्षीदार घटना घडवीत नाही. आणि घडलेली घटना पुन्हा घडवून मागत नाही.

तेव्हापासून आम्ही लग्नाच्या आदल्या दिवशी कॅमेरा न घेता त्या घरी जातो. चहा घेतो, सकाळी कोणत्या खिडकीतून उजेड येतो ते पाहतो, घरात कोण आजारी आहे, कोणाची जागा रिकामी आहे ते ऐकतो. वधूच्या खोलीत आमच्यापैकी एकीनेच जायचे. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. कोणी डोळ्यांनी 'नको' म्हटले, तर कॅमेरा खाली. आता बारा फोटोंची मर्यादा राहिली नाही. डिजिटल कॅमेरा एका दिवसात हजारो फोटो घेतो. 'कॅन्डिड'चेही पॅकेज झाले आहे. वधूवरांना मान मागे टाकून मोकळेपणाने हसायला सांगतात, आणि ते जमेपर्यंत पुनःपुन्हा हसवतात! आम्हांला हसू येते. मग आमचे 'पुन्हा एकदा' आठवते आणि ते हसू विरते.

२०२२ साली तीच मुलगी, आता केस पिकलेली, स्टुडिओत आली. तिच्या लेकीचे लग्न होते. "तुम्हीच या," एवढेच ती म्हणाली. आम्हांला रात्रभर झोप आली नाही.

निघण्याच्या वेळी लेक आईपुढे गुडघे टेकून बसली. खिडकीतून उजेड येत होता. आईचा हात वर गेला, कपाळाशी थरथरला. आम्ही एकदाच कळ दाबली. कोणाला काही म्हणालो नाही.

फोटोत तो हात हललेला आला. बोटे धूसर, क्रूस अर्धवट. स्टुडिओत आम्ही तिच्यापुढे त्या सकाळचे इतर स्वच्छ फोटोही ठेवले. तिने ते एकेक करून बाजूला सारले आणि हललेल्या हाताचा फोटो उचलला. बराच वेळ ती पाहत राहिली.

"त्या दिवशी बाबांचा हातही असाच हलत होता," ती म्हणाली.

आम्ही मान खाली घातली.