जुनी चीर
आज लासलगावच्या वाटेवर पिकअपचा मागचा मेन पाटा तुटला. गाडीत कांदा होता, पण खड्डा नव्हता, वळण नव्हतं. सपाट रस्त्यावर ‘कट्’ आवाज झाला आणि गाडी डाव्या अंगाला बसली.

मिस्त्रीनं यू-बोल्ट सोडून तुकडा हातात दिला. सेंटर बोल्टच्या भोकापाशीच मोडला होता. अर्धी कड गंजून काळी, अर्धी चांदीसारखी लख्ख. “दादा, हा आज नाही तुटला. चीर जुनी आहे.”

दोन क्विंटल जादा भरून ‘पेलतंय की’ म्हणायचो, तेव्हाच ती केसाकेसानं वाढत असणार. पाटा ओझ्यानं सपाट होतो, ओझं उतरलं की पुन्हा कमान धरतो. बोलत नाही.

रात्री आईचे गुडघे चोळताना तो तुकडा आठवत राहिला.